वाढ, वीज आणि धूर : पेण-रोह्याच्या परिसरातून एक अभ्यास

प्रास्ताविक

देशाचे उत्पन्न वाढले की त्याचा धूरही वाढलाच पाहिजे काय? आणि सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज निर्माण केली की तो धूर आपोआप कमी होतो काय? हे दोन प्रश्न आज महाविद्यालयाच्या वर्गापासून राष्ट्रांच्या परिषदांपर्यंत सर्वत्र विचारले जातात. त्यांची उत्तरे बहुधा मोठमोठ्या आकड्यांत दिली जातात आणि त्यामुळे सामान्य वाचकाला हा विषय आपला वाटत नाही. वस्तुतः पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी दूर कोठे जाण्याची गरज नाही. कुंडलिकेच्या उगमाकडे, भिरा येथे, पाण्यापासून वीज निर्माण करणारे जवळजवळ शंभर वर्षांचे जुने केंद्र उभे आहे. अंबा नदीच्या काठी, डोलवी येथे, देशातील मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक आहे. या दोहोंच्या मध्ये धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, भातशेती, मिठागरे आणि खाऱ्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणारा खारेपाट पसरलेला आहे.

आपल्या शाळेतून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी याच कारखान्यांत, कार्यालयांत व शेतांत आपले जीवन घडवीत आहेत. त्यांच्या मुलांना रोजगारही हवा आहे आणि राहण्यायोग्य गावही हवे आहे. म्हणूनच हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. प्रस्तुत लेखात आपण तो शक्य तितक्या सोप्या हिशेबाने, पायरीपायरीने समजून घेऊ.

१. चार घटकांचा गुणाकार

कोळसा, तेल किंवा वायू जळाला की त्यातील कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू विषारी नाही, त्याला वासही नाही. परंतु तो वातावरणात शेकडो वर्षे टिकतो आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. एखादा देश वर्षभरात असा किती वायू हवेत सोडतो, यास त्या देशाचे कार्बन उत्सर्जन म्हणतात.

जपानी अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी या उत्सर्जनाची चार घटकांत फोड करून दाखविली. पहिला घटक लोकसंख्या. दुसरा, दरडोई उत्पन्न. तिसरा, एक रुपयाचे उत्पन्न निर्माण करण्यासाठी लागणारी ऊर्जा. चौथा, त्या ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे सुटणारा कार्बन. या चार घटकांचा गुणाकार म्हणजे देशाचे एकूण उत्सर्जन. आर्थिक वाढ दुसऱ्या घटकाला वर नेते. काटकसरीची यंत्रे तिसऱ्या घटकाला खाली आणतात. नवीकरणीय ऊर्जा, म्हणजे सूर्य, वारा, पाणी यांसारख्या न संपणाऱ्या स्रोतांची ऊर्जा, चौथ्या घटकाला खाली खेचते.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. हा गुणाकार आहे. म्हणून कोणता घटक किती वेगाने बदलतो, यावर उत्तर ठरते. समजा, एखाद्या देशाचे उत्पन्न वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले आणि प्रत्येक रुपयामागचा कार्बन ३ टक्क्यांनी घटला. तर एकूण उत्सर्जन १.०७ गुणिले ०.९७, म्हणजे सुमारे १.०३८ पट होईल. प्रत्येक रुपया अधिक स्वच्छ झाला, तरी धूर जवळजवळ ४ टक्क्यांनी वाढला. याच गतीने चालत राहिल्यास सुमारे अठरा-एकोणीस वर्षांत तो दुप्पट होईल.

आपल्या देशाची गोष्ट पुष्कळशी अशीच आहे. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात आपल्या उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. ही कामगिरी लहान नव्हे. मात्र याच काळात देशाचे एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन साधारणपणे दुप्पट झाले. दोन्ही विधाने खरी आहेत. वृत्तपत्रात यांपैकी एकच वाचले, तर अर्धेच चित्र दिसते.

तिसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतातील दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे. जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे, तर अमेरिकेची सुमारे १४ टन. ज्या घरात पंखा नुकताच लागला, त्या घराला धूर कमी करण्याचा उपदेश करणे न्यायाचे नाही. भारताची वाढ थांबवावी, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ही वाढ कोणत्या इंधनावर व्हावी, हा.

२. भिरा : जिल्ह्यातील जुनी स्वच्छ वीज

नवीकरणीय ऊर्जा ही काल-परवाची कल्पना आहे, असा समज रूढ आहे. रायगड जिल्ह्याचा इतिहास तो खोडून काढतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस धरणांत अडवायचा आणि कोकणच्या बाजूला सुमारे ५०० मीटर खाली सोडून त्याच्या जोरावर जनित्रे फिरवायची, या कल्पनेतून टाटांनी तीन केंद्रे उभारली : खोपोली येथे १९१५ मध्ये, भिवपुरी येथे १९२२ मध्ये आणि भिरा येथे १९२७ मध्ये. मुंबईच्या कापड गिरण्या त्या काळी कोळशाच्या वाफेवर चालत. या विजेने त्यांचा कोळसा वाचविला. आजच्या भाषेत बोलायचे, तर औद्योगिक वाढ आणि स्वच्छ ऊर्जा यांची सांगड शंभर वर्षांपूर्वी आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी घातली गेली होती.

या विजेचा लाभ मुंबईला झाला, तसा रोह्यालाही एका वेगळ्या वाटेने झाला. जनित्रांतून बाहेर पडणारे पाणी वाया जात नाही. ते कुंडलिकेत उतरते, डोळवहालच्या बंधाऱ्यापाशी अडते आणि कालव्यांतून शेतीला मिळते. पूर्वी उन्हाळ्यात आटणारी नदी या पाण्यामुळे बारमाही झाली. कोलाडजवळ पर्यटक ज्या वेगवान प्रवाहात होड्या सोडतात, तो प्रवाहही भिऱ्याच्या पाण्याचाच आहे. मुंबईची विजेची गरज वाढते, जनित्रे फिरतात, आणि मग कुंडलिकेला पाणी येते.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या मुळशी धरणाखाली मावळातील पन्नासहून अधिक गावांची जमीन जाणार होती. तिच्या रक्षणासाठी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. धरणग्रस्तांचा हा लढा आपल्या देशातील अशा प्रकारच्या आद्य लढ्यांपैकी एक होय. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झाले. भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि गिरण्यांत दिवे लागले.

१९२७ हे वर्ष या जिल्ह्याच्या इतिहासात महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे अजरामर आहे. त्याच वर्षी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या एका टोकाला मुळशीचे पाणी यंत्रे फिरवू लागले आणि दुसऱ्या टोकाला माणसांना पाण्याची ओंजळ भरण्यासाठी लढावे लागत होते. पाणी, वीज आणि हक्क हे तीन विषय एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत, याची ही साक्ष आहे. ऊर्जा स्वच्छ आहे एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. हा धडा आज सौर उद्यानासाठी जमीन घेतानाही तितकाच लागू पडतो.

भिऱ्याने आणखी एक धडा दिला आहे. तेथे पुढे १५० मेगावॉटचा असा संच बसविण्यात आला, की जो मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा वर चढवितो आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज देतो. यास उदंचन जलविद्युत म्हणतात. सूर्य मावळल्यानंतर सौर वीज मिळत नाही आणि घरोघरी दिवे तर तेव्हाच लागतात. दुपारची जादा सौर वीज वापरून पाणी वर चढवून ठेवावे आणि सायंकाळी खाली सोडावे, हा त्यावरील एक खात्रीचा उपाय आहे. २०२३ मध्ये भिवपुरी व शिरवता येथे मिळून २,८०० मेगावॉटचे असे प्रकल्प उभारण्यासाठी राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला, तो याच कारणाने.

३. डोलवी : वाढीचा धूर कोठून येतो

आता पेणकडे वळू. डोलवीचा पोलाद कारखाना इस्पात समूहाने १९९०च्या दशकात उभारला. २०१०च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यू समूहाकडे आला. आज त्याची क्षमता वर्षाला सुमारे १ कोटी टन पोलादाची आहे. धरमतर खाडीतून येणारे खनिज आणि कोळसा, वडखळ नाक्यावरची अवजड वाहतूक, कारखान्याभोवती वाढलेली दुकाने, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या : आर्थिक वाढ म्हणजे काय, हे येथे डोळ्यांनी दिसते.

पोलादाच्या बाबतीत एक गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. कारखान्याला लागणारी सगळी वीज सौर केली, तरी त्याचा बहुतांश धूर कायम राहतो. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. त्यातून शुद्ध लोखंड मिळवायचे, तर प्राणवायू ओढून काढावा लागतो. झोतभट्टीत हे काम कोक करतो, म्हणजे हवाबंद भट्टीत भाजलेला दगडी कोळसा. कोकमधील कार्बन खनिजातला प्राणवायू स्वतःकडे घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. येथे कोळसा उष्णता तर देतोच, शिवाय तो प्रक्रियेचा एक कच्चा माल आहे. पिठात पाणी घातल्याशिवाय भाकरी होत नाही, तसेच हे आहे. चूल बदलून पाण्याची गरज संपत नाही.

जगात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे १.९ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो; भारतात सुमारे २.५ टन. हे प्रमाण कमी करण्याचे मार्ग आहेत. भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळविणे हा त्यांतील सर्वांत सोपा मार्ग. मात्र आपल्यासारख्या नव्याने बांधणी करणाऱ्या देशात भंगार पुरेसे मिळत नाही. कोळशाऐवजी नैसर्गिक वायूने खनिजातील प्राणवायू काढून स्पंज आयर्न बनविणे हा दुसरा मार्ग. डोलवीत इस्पातच्या काळापासून असे सयंत्र आहे. तिसरा मार्ग हायड्रोजनचा. हायड्रोजनने प्राणवायू ओढून घेतला, तर बाहेर पडते ते फक्त पाणी. पण असा हायड्रोजन पाण्यापासून वेगळा काढण्यास प्रचंड वीज लागते आणि ती वीज स्वच्छ असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे. म्हणजे नवीकरणीय ऊर्जेचा खरा कस दिव्या-पंख्यांपेक्षा अशा भट्ट्यांपाशी लागणार आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘हरित पोलाद’ कशास म्हणावे याची व्याख्या जाहीर केली. एक टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर पोलाद हरित आणि १.६ टनांपेक्षा कमी असेल तर त्यास पाच तारे. युरोपीय संघाने तर आयात पोलादावर त्यातील कार्बनच्या प्रमाणात आकारणी करण्याचा नियम केला असून १ जानेवारी २०२६ पासून त्याची खरी अंमलबजावणी सुरू झाली आहे. धूर कमी करणे हा यापुढे केवळ सदिच्छेचा विषय राहणार नाही; ज्या कारखान्याचा धूर अधिक, त्याचा माल बाहेरच्या बाजारात महाग पडेल आणि त्याची झळ अखेर कामगारांपर्यंत पोहोचेल.

४. छपरे आणि भट्ट्या : एक छोटा हिशेब

आकडे परस्परांशेजारी ठेवले की त्यांचा अर्थ लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छपरावर ३ किलोवॉटचा सौर संच बसविल्यास ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ऊन कमी असले, तरी असा संच वर्षाला साधारण ४,००० युनिट वीज देऊ शकतो. आपल्या देशातील जाळ्यातून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे एका छपरामुळे वर्षाला सुमारे पावणेतीन टन उत्सर्जन टळते.

आता त्याच छपराखालचे घर पाहू. पाचशे चौरस फुटांच्या सिमेंट-काँक्रीटच्या घराला चौरस फुटास ४ किलो धरल्यास २ टन सळई लागते. तिच्यामागे, देशाच्या सरासरीने, ५ टन कार्बन. म्हणजे घराच्या सळईचा धूर फेडण्यास त्या छपरावरील संचाला दोन वर्षेही पुरी लागत नाहीत. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे तो निव्वळ बचत करतो. ही आशादायक बाजू झाली.

दुसरी बाजू अशी. या योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांचे आहे. ती सर्व छपरे झाकली गेली, तर वर्षाला सुमारे पावणेतीन कोटी टन उत्सर्जन टळेल. आणि देशाच्या सरासरी पद्धतीने १ कोटी टन पोलाद बनविल्यास अडीच कोटी टन उत्सर्जन होते. एखाद्या विशिष्ट कारखान्याचा आकडा त्याच्या पद्धतीनुसार कमी-अधिक असेल; पण प्रमाण ध्यानात यावे म्हणून हा हिशेब मांडला आहे. संपूर्ण देशाच्या एक कोटी छपरांची बचत एका मोठ्या पोलाद कारखान्याएवढ्या उत्पादनाशी जवळजवळ बरोबरीत सुटते. यावरून छपरे निरुपयोगी ठरत नाहीत. छपरांबरोबर भट्ट्याही बदलाव्या लागतील, एवढेच त्यातून सिद्ध होते.

५. क्षमता मोजावी की जळालेला कोळसा?

जून २०२५ अखेर भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य स्रोतांची झाली. २०३० साठी ठरविलेले हे लक्ष्य पाच वर्षे आधीच गाठले गेले, ही अभिमानाची बाब आहे. तरीही देशात प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अद्याप ७० टक्क्यांहून अधिक आहे. निम्मी क्षमता स्वच्छ आणि वीज मात्र बहुतांश कोळशाची, हे कसे?

क्षमता म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती वीज देऊ शकेल तो आकडा, आणि युनिट म्हणजे त्याने प्रत्यक्षात दिलेली वीज. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सुमारे १५ लाख युनिट देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र सुमारे ६० लाख युनिट देते. गोठ्यात किती म्हशी आहेत यावरून दुधाचा हिशेब होत नाही. चरवीत किती पडले ते पाहावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समजा, एका राज्याला १०० युनिट वीज लागते. त्यात ७५ कोळशाची व २५ स्वच्छ. वाढीमुळे पुढील वर्षी मागणी १०६ झाली. स्वच्छ वीज ४ युनिटांनी वाढून २९ झाली. तिचा वाटा २५ टक्क्यांवरून २७ टक्क्यांच्या पुढे गेला. समारंभ झाले, अभिनंदन झाले. पण उरलेली वीज किती? ७७ युनिट, आणि ती कोळशाचीच. म्हणजे स्वच्छ विजेचा वाटा वाढूनही कोळसा अधिकच जळाला. याच उदाहरणात स्वच्छ वीज ८ युनिटांनी वाढली असती, तर कोळसा ७३ वर आला असता.

या विषयाचे सार या छोट्या उदाहरणात आहे. नवीकरणीय ऊर्जा उत्सर्जन कमी करते, परंतु एका अटीवर : तिची वाढ मागणीच्या वाढीपेक्षा वेगवान असली पाहिजे. तसे नसेल, तर ती कोळशाची जागा घेत नाही. त्याच्या शेजारी येऊन बसते. म्हणून कोणत्याही घोषणेपुढे विचारण्याचा प्रश्न एकच आहे : यामुळे किती कोळसा न जळता राहिला?

६. श्रीमंती आली की धूर कमी होतो काय?

अर्थशास्त्रात एक सिद्धांत प्रसिद्ध आहे. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असे मांडले, की देश विकसित होताना विषमता प्रथम वाढते आणि नंतर कमी होते. १९९०च्या दशकात ग्रॉसमन व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी प्रदूषणाच्या बाबतीत तसेच चित्र दाखविले. उत्पन्न वाढू लागले की प्रथम प्रदूषण वाढते. पुढे लोक सुस्थितीत आले की स्वच्छ हवा-पाण्याचा आग्रह धरतात, कायदे होतात आणि प्रदूषण उतरते. आलेख काढला तर तो उलट्या टोपलीसारखा दिसतो.

कुंडलिकेच्या उदाहरणाने या सिद्धांताचे बळ आणि मर्यादा दोन्ही कळतात. धाटावची रासायनिक वसाहत वाढली तशी नदी दूषित झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचे नाव आले. पाण्याचा रंग दिसतो, वास येतो, मासे मरतात. म्हणून कोळी बांधव, शेतकरी आणि ग्रामपंचायती आवाज उठवितात. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे अशा दबावातूनच कामाला लागतात. नदीच्या बाबतीत टोपली उलटी होऊ शकते, पण ती आपोआप होत नाही. कोणीतरी ती उलटी करावी लागते.

कार्बनला मात्र रंगही नाही आणि वासही नाही. तो ज्या गावात सुटतो, त्या गावाला त्याचा त्रास लगेच होत नाही; तो साऱ्या पृथ्वीवर पसरतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही आणि केवळ श्रीमंती आली म्हणून तो कमी होईल, यावर विसंबता येत नाही.

ब्रिटनचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या देशाचे उत्पन्न १९९० पासून वाढत राहिले आणि उत्सर्जन मात्र निम्म्यावर आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील अखेरचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. वाढ आणि धूर यांची गाठ सुटू शकते, याचा हा पुरावा होय. पण त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथे टाटा स्टीलची अखेरची झोतभट्टीही विझली. तिच्या जागी भंगार वितळविणारी विजेची भट्टी येणार आहे. दरम्यान हजारो कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. आणि ब्रिटनला लागणारा अनेक प्रकारचा माल आज दुसऱ्या देशांच्या भट्ट्यांत तयार होतो. घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला, तर आपले घर स्वच्छ दिसते. गाव स्वच्छ होत नाही.

७. लाभ कोणाचा, भार कोणाचा?

विजेचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका उपेक्षित कार्याचे स्मरण करणे अगत्याचे आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला गेला. ऑक्टोबर १९४३ मधील आपल्या भाषणात त्यांनी असे प्रतिपादन केले होते, की भारताचे दारिद्र्य शेतीवरील अतिरिक्त भारातून आलेले आहे, त्यातून सुटण्याचा मार्ग औद्योगिकीकरण हा आहे, आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण शक्य नाही. वीज ही त्यांच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हती. पिढीजात गुलामीतून बाहेर काढणारे ते साधन होते.

हा विचार आजही लागू आहे. जमीन नसलेल्या कुटुंबातील मुलाला जात न विचारता काम देण्याची शक्यता गावगाड्यापेक्षा कारखान्यात अधिक असते. म्हणून उद्योग नकोत, वाढ नको, अशी भूमिका आपल्या समाजाला परवडणारी नाही. परंतु त्याच न्यायबुद्धीने दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे : वाढीचा भार कोण उचलतो?

पेणच्या खारेपाटात हा भार प्रत्यक्ष दिसतो. येथील भातशेती समुद्राच्या भरतीपासून मातीच्या बांधांनी राखलेली आहे. बांधातील उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीचे आत येत नाही. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षे पिकाविना पडून राहते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि अलीकडे ही वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या गतीने होत आहे. आकडा लहान दिसतो. पण ज्या शेताची सुरक्षितता हात-दोन हात उंचीच्या बांधावर अवलंबून आहे, तेथे वीतभर पाणी म्हणजे पुष्कळ झाले. खांड पडण्याची कारणे अनेक असतात. दुरुस्तीची हेळसांड, खाडीतील वाहतूक, कांदळवनांची तोड ही त्यांत आहेतच. समुद्राची चढती पातळी त्या सर्वांच्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा आणि घरांची छपरे कशी उडविली, हे रोहा-मुरूड-श्रीवर्धनच्या लोकांना सांगण्याची गरज नाही. अशी वादळे तापलेल्या समुद्रावर बळ धरतात.

भार दूरवरही पडतो. पेणमधील मूर्तिशाळेत लागणारा दिवा ज्या जाळ्यातून येतो, त्याच जाळ्याला चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या कोळसा केंद्राची वीज मिळते. प्रकाश येथे आणि राख तेथे, अशी ही वाटणी आहे. मुळशीची खाचरे, चंद्रपूरची राख आणि खारेपाटातील मीठ या तिन्हींचा हिशेब कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही. तो नागरिकांनीच मांडावा लागतो.

८. आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट मोजण्याची. महावितरणच्या देयकावर महिन्याचे युनिट छापलेले असतात. त्यांस ०.७ ने गुणावे. तेवढे किलो कार्बन त्या महिन्यात आपल्या घराच्या नावावर पडले. महिना १०० युनिट वापरणाऱ्या घराचे वर्षाचे उत्सर्जन ८४० किलो होते. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी वर्गात करावा, वसतिगृहाचे देयकही तपासावे.

दुसरी गोष्ट छपरांची. शाळा, विहार, समाजमंदिर, ग्रामपंचायत यांची छपरे मोकळी असतात आणि त्यांचा वापर मुख्यतः दिवसा होतो. सौर वीज दिवसाच मिळते. अशा सार्वजनिक छपरांपासून आरंभ केला, तर वीजबिलातील बचत शिक्षणावर खर्च करता येईल.

तिसरी गोष्ट कौशल्याची. सौर संच बसविणे व त्यांची निगा राखणे, ऊर्जेची तपासणी करणे, विजेच्या भट्ट्या चालविणे, उद्या हायड्रोजनची सयंत्रे सांभाळणे ही येत्या काळातील कामे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि केंद्र शासनाच्या ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणात त्यांची वाट खुली आहे. आपल्या मुलांनी ती आधी धरावी. जुन्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा नवे कौशल्य नसलेला कामगार रस्त्यावर आला, हे मुंबईने पाहिले आहे.

चौथी गोष्ट प्रश्न विचारण्याची. नव्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी तेथे जाऊन तीन प्रश्न विचारावेत. हा प्रकल्प कोणत्या ऊर्जेवर चालणार? त्यामुळे किती कोळसा वाचणार किंवा अधिक जळणार? आणि जमीन, पाणी, रोजगार यांची वाटणी कशी होणार?

समारोप

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांची जोडी निसर्गनियमाने बांधलेली नाही. ती इंधनाने बांधलेली आहे. इंधन बदलले की ती सुटते. परंतु त्यासाठी स्वच्छ वीज मागणीपेक्षा वेगाने वाढली पाहिजे, ती छपरांवरून भट्ट्यांपर्यंत पोहोचली पाहिजे आणि तिचा भार दुबळ्यांच्या शेतांवर टाकला जाता कामा नये. या तीन अटींपैकी पहिली अभियंत्यांच्या हाती आहे, दुसरी उद्योजकांच्या आणि तिसरी आपणा सर्वांच्या.

अभ्यासासाठी : (१) एका गावाला २०० युनिट वीज लागते, त्यांतील ४० स्वच्छ आहेत. पुढील वर्षी मागणी २१५ झाली. कोळशाची वीज मागील वर्षाहून वाढू नये, यासाठी किमान किती स्वच्छ युनिट हवेत? (२) आपल्या घराच्या बांधकामात किती सळई लागली ते वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यामागील कार्बन काढा. (३) आपल्या गावातील वृद्धांना विचारा : पन्नास वर्षांपूर्वी नदी, बांध आणि दिवा कसा होता? उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढील पिढीच्या हिशेबाला ती लागतील.